आधी बाहेरच्या नळाचा पाईप काढून ये

"काकू, सहा महिन्यांपूर्वी आम्ही घर घेतलं. जुनं आहे, दोन मजली, वर उतरतं छप्पर आणि माळा, खाली तळघर. आम्ही दोघंही उकाड्याच्या प्रदेशात वाढलो, इथे आल्यापासून भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो, त्यामुळे बर्फ म्हणजे खिडकीतून बघायची गोष्ट होती. आता महिन्याभरात बर्फ सुरू होईल. शेजारच्या बाई सांगत होत्या की आधीच्या मालकांच्या बेडरूममध्ये भर हिवाळ्यात छतातून पाणी गळायचं, पाऊस नसताना! ऐन थंडीत आम्ही सगळे पंधरा दिवस बाहेरगावी जाणार आहोत, नवरा म्हणतो हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ, रिकामं घर कशाला तापवायचं. सासरे आमच्याकडेच असतात, ते म्हणतात बर्फ काढायचं काम माझं, तेवढाच व्यायाम. वय ६८, बीपीची गोळी चालू. चाळीस-चाळीस कामांच्या याद्या वाचून डोकं गरगरतंय. नेमकं आधी काय करू?
– पहिल्या हिवाळ्याला घाबरलेली"

अगं घाबरलेली, वाचायचं इथेच थांबव, स्वेटर चढव आणि बागेतल्या नळाला जो लांबलचक होजपाईप लावलाय ना तो काढून ये. लावलेला असणारच, सगळ्यांचाच असतो. आलीस? बस आता, निवांत बोलू.

त्या पाईपशी माझं जुनं वैर आहे म्हणून आधी तेच सांगितलं. आमच्या पहिल्या घराला तो 'न गोठणारा' म्हणतात तसला नळ होता, म्हणजे मूठ बाहेर असते पण पाणी अडवणारा भाग भिंतीच्या आत हातभर खोल, उबेत, आणि नळ बंद केला की मधल्या नळीतलं पाणी बाहेर ओघळून जातं, नळी रिकामी, गोठायला काही उरतच नाही. हुशार वस्तू आहे. पण तोंडाला होज तसाच राहिला तर ते पाणी ओघळणार कुठे? बसलं नळीतच, गोठलं, आणि भिंतीच्या आत नळी उभी चिरली. आणि अख्खा हिवाळा आम्हाला पत्ता नाही बरं का, कारण नळ बंद होता, चिरलेल्या भागापर्यंत पाणी पोचतच नव्हतं. बर्फ वितळला, जरा ऊन पडलं म्हणून मी हौसेने झाडांना पाणी घालायला नळ सोडला, धार बारीक वाटली, म्हटलं प्रेशर कमी असेल आज, आणि वीस मिनिटं मजेत उभी होते. आत आले तर तळघराच्या भिंतीतून असा आवाज, जसं कुणीतरी आत आंघोळ करतंय, आणि पुस्तकांची खोकी खालून पाणी पिऊन टम्म फुगलेली. सगळं का, तर दोन मिनिटांचा आळस केला म्हणून.

तर तुझ्या त्या चाळीस कामांच्या याद्या आधी बाजूला ठेव. नुसत्या थंडीने घराचं फार काही बिघडत नाही गं, वीट लाकूड काँक्रीट गारठ्यात वर्षानुवर्षं उभं राहतं, बिघडवतं ते पाणी. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि फुगायला जागा नसली की समोर तांबं असो, पीव्हीसी असो की दगडातली भेग, ते फोडून जागा करतं. म्हणून घरभर एकच प्रश्न विचारत फिर, इथे पाणी आहे का, आणि इथे ते गोठू शकतं का. यादी आपोआप लहान होते बघ.

दुसरं काम आजच्याच दिवसाचं, मेन व्हॉल्व शोध. घरात पाणी येतं तिथली मुख्य तोटी. बहुतेक तळघरात, रस्त्याकडच्या भिंतीपाशी, मीटरच्या आसपास असते. नुसती शोधू नकोस, फिरवून बघ, जुन्या घरातल्या तोट्या वर्षानुवर्षं न फिरवल्याने अशा जाम होतात की ऐन वेळी दोन माणसं लटकली तरी हलत नाहीत, आणि हलवताना जोर लावलास तर तुटतात. घट्ट वाटली तर सोडून दे, आत्ता प्लंबर बोलावून बदलून घे, आत्ता तो येईल, थंडीची लाट आल्यावर फोनसुद्धा उचलणार नाही. मग तिच्यावर लाल कापडाची चिंधी बांध आणि घरातल्या प्रत्येकाला, सासऱ्यांनाही, एकदा खाली नेऊन दाखव. पाईप फुटतो तेव्हा पाणी किती वेळ वाहिलं यावर नुकसान ठरतं, आणि ते 'अरे तोटी कुठेय, तोटी कुठेय' या शोधाशोधीवर ठरतं.

बाहेरच्या नळाची गोष्ट अजून संपली नाहीये. साधा, जुन्या पद्धतीचा नळ असेल तर त्याच्यासाठी आत भिंतीलगत वेगळा छोटा व्हॉल्व असतो, तो बंद कर, मग बाहेर जाऊन नळ उघडा सोड म्हणजे मधलं पाणी निथळून जाईल. वरून फोमची टोपी मिळते ती घाल, पण टोपी घातली म्हणून निथळायचं टाळू नकोस.

आता आतले पाईप. घराच्या मधल्या भिंतीतले पाईप सहसा गोठत नाहीत, जे बाहेरच्या भिंतीतून जातात, तळघरात खिडकीखालून जातात, गॅरेजच्या छतातून जातात किंवा ओट्याखाली सिंकच्या मागे असतात ते गोठतात. उघड्यावर असलेला पाईप बाहेर उणे ६-७ सेल्सियसच्या खाली गेलं की धोक्यात येतो असं धरून चाल, आणि वाऱ्याची फट त्याच्यावर नेमकी लागत असेल तर त्याच्याही आधी. त्यांना फोमच्या नळ्या चढव, मधून चिरलेल्या असतात, कात्रीने कापून पाईपवर बसवायच्या आणि सांधे टेपने बंद करायचे, एका दुपारचं काम आहे. पण एक लक्षात ठेव, फोम उष्णता तयार करत नाही, असलेली निसटू देत नाही एवढंच, त्यामुळे जिथे ऊबच नाही तिथे फोम घालून दोन तास जास्त मिळतील, हिवाळा नाही निघणार. तिथे मग वाऱ्याची फट बुजवणं नाहीतर पाईपला लावायची विजेची गरम पट्टी, आणि ती पट्टी लावलीस तर डब्यावर जसं लिहिलंय तश्शीच लाव, एकावर एक गुंडाळू नकोस, आगी लागतात.

कडाक्याच्या रात्री ओट्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची म्हणजे खोलीतली ऊब आत जाते, आणि सगळ्यात लांबचा, बाहेरच्या भिंतीवरचा नळ किंचित सुटा ठेवायचा, अगदी बारीक धार. लोकांना वाटतं वाहतं पाणी गोठत नाही म्हणून, ते थोडं खरं आहेच, पण खरी भानगड वेगळी. पाईप पुष्कळदा जिथे बर्फ झाला तिथे फुटतच नाही, बर्फाचा बोळा तयार होतो आणि तो वाढत जाताना त्याच्या आणि बंद नळाच्या मधे अडकलेल्या पाण्याला दाबत जातो, तो दाब इतका वाढतो की पाईप मधेच कुठेतरी, कदाचित उबदार जागीसुद्धा, फाटतो. नळ थोडा सुटा असला की त्या दाबाला पळवाट मिळते. म्हणून ती बारीक धार, पाणी वाया जातंय म्हणून जीव तुटला तरी त्या एका रात्रीपुरता तुटू दे.

आणि गोठलाच पाईप, म्हणजे सकाळी नळ सोडला आणि नुसतं घुर्रर्र करून थेंब पडला, तर घाबरायचं नाही. नळ उघडा ठेव, हेअर ड्रायर घे, आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे सरकत जा. उलटं केलंस, म्हणजे मधेच तापवलंस, तर वितळलेलं पाणी दोन बर्फांच्या मधे अडकतं. ब्लोटॉर्च, मेणबत्ती, काडी यातलं काहीही तिथे न्यायचं नाही, भिंतीत लाकूड असतं आणि गोठलेला पाईप मोकळा करायच्या नादात घर पेटवलेले लोक खरंच आहेत. कुणीतरी मेन तोटीपाशी उभं राहा, कारण फुटला असेल तर ते बर्फ सुटल्यावरच कळतं.

आता शेजारच्या बाईंनी सांगितलेलं ते गळकं छत. त्या बाईंचे आभार मान, फुकटात निदान दिलंय तुला त्यांनी. पाऊस नसताना छत गळतं म्हणजे बहुतेक वळचणीला बर्फाचा बांध होत असणार. काय होतं सांगते. घरातली गरम हवा फटीफटीतून माळ्यावर जाते, माळा तापतो, त्याने छपराचा वरचा भाग तापतो आणि त्यावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी बर्फाच्या थराखालून घरंगळत वळचणीपर्यंत येतं, वळचण भिंतीच्या बाहेर लटकलेली, तिच्याखाली घर नाही, ती बाहेरइतकीच गार, तिथे पाणी पुन्हा गोठतं. रोज थोडं थोडं करून तिथे बर्फाचा बंधारा उभा राहतो, मागे पाणी तुंबतं, आणि उतरत्या छपराचे पत्रे असोत की फळ्या की शिंगल (एकावर एक चढवून बसवलेले चपटे तुकडे), ते वरून खाली वाहणारं पाणी अडवायला बनवलेले असतात, खालून वर चढणारं तळं अडवायला नाही. शिरतं मग आत, इन्सुलेशन, म्हणजे माळ्यावर ऊब अडवायला पसरलेला जाड थर, भिजवतं आणि तुमच्या बेडरूमच्या छतावर तपकिरी डाग उमटतो. छताला वरून डांबर लावून हा रोग बरा होत नाही, आधीच्या मालकांनी लावलंही असेल. रोग माळ्याच्या जमिनीत आहे.

तू एक कर, पहिला चांगला बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून स्वतःच्या छपराकडे बघ. आजूबाजूच्या छपरांवर गादी तशीच आहे आणि तुझ्या छपरावर मधेच काळे ठिपके, ओलसर पट्टे उघडे पडलेत, तर तिथून घराची ऊब निसटतेय. छपरावर बर्फ टिकून राहिला म्हणजे घर चांगलं, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. आणि वळचणीला लटकणारे ते बर्फाचे लांब सुळे, फोटोत फार गोड दिसतात, पण जाडजूड सुळ्यांची रांग लागली तर तो तुझ्या हीटिंगचा पैसा लटकतोय असं समज. मुलांना त्याच्या खाली खेळू देऊ नकोस.

बर्फ पडायच्या आधी मात्र माळ्यावर टॉर्च घेऊन चढ (फक्त लाकडी तुळयांवर पाय दे, मधे पाय दिलास तर खालच्या खोलीत पोचशील). दिव्यांच्या डब्यांभोवती, पाईप वर येतात तिथे, वायरींच्या भोकांशी फटी शोध, इन्सुलेशन जिथे काळपट मळलेलं दिसेल तिथून हवा वर येतेय, ते हवा गाळून मळलेलं असतं. त्या फटी सीलंटने किंवा फोमने बुजव, धुराड्याभोवती आणि तापणाऱ्या दिव्यांच्या डब्यांभोवती मात्र हा फोम नाही, तिथे न जळणारा पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. माळ्याच्या दाराला रबरी पट्टी आणि वरून इन्सुलेशनची पाटी. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा कुठे उघडतो ते बघच बघ, जुन्या घरात तो सर्रास माळ्यावरच सोडलेला असतो, म्हणजे रोजच्या आंघोळीची वाफ थेट छपराखाली, हा पाईप बाहेर काढायला हवा. फटी बुजल्यावर मग इन्सुलेशनचा थर वाढव, आधी थर आणि मग फटी असं केलंस तर सगळं उपसावं लागेल. आणि वळचणीखालची हवेची भोकं इन्सुलेशनने बुजवायची नाहीत, माळा गार आणि हवेशीर राहायला हवा, ऊब खालच्या खोल्यांत हवी.

हे सगळं या वर्षी जमलं नाही तर निदान पन्हळी साफ कर, पानं गळून झाल्यावर, आधी केल्यास तर पुन्हा भरतात. आणि लांब दांड्याचं छपरावरचा बर्फ ओढायचं दाताळं घे, जमिनीवर उभं राहून वळचणीचा मीटर-दीड मीटर पट्टा मोकळा ठेवलास तरी बांध सहसा होत नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर ती धातूची दांडी तिकडे फिरकवूसुद्धा नकोस. छपरावर कोणीही चढायचं नाही, हातोडा-कुऱ्हाडीने बांध फोडायचा नाही, त्याने शिंगल फुटतात आणि माणसंही. बांध झालाच आणि आत पाणी यायला लागलं तर पायमोज्यात कॅल्शियम क्लोराईडचे (बर्फ वितळवणारा एक क्षार) खडे भरून तो मोजा बांधावर आडवा नाही, उभा ठेवायचा, त्याने पाण्याला वाट मिळते. साधं मीठ तिथे नको, पन्हळीचा पत्रा गंजतो आणि खालची झाडं मरतात.

वजनाचं विचारलं नाहीस पण सांगून ठेवते. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, ओला झालेला बसका बर्फ सहज ३०० च्या पुढे. म्हणजे तीस सेंटिमीटरचा थर एका चौरस मीटरवर कधी २०-२५ किलो तर कधी शंभरच्या आसपास. त्यामुळे नुसती उंची बघून ठरवू नकोस, बर्फावर पाऊस पडला की सावध हो, आणि आतली दारं अचानक अडायला लागली किंवा भिंतीला नवी चीर दिसली तर घराबाहेर पड आणि मग माणूस बोलाव.

फटी. दारं-खिडक्यांच्या फटी शोधायला वारा असलेल्या दिवशी उदबत्ती घेऊन चौकटीच्या कडेकडेने फिर, धूर जिथे आडवा झाला तिथे फट. पडद्यांपासून लांब धर म्हणजे झालं. हलत्या भागाला चिकटपट्टीची रबरं, न हलणाऱ्याला सीलंट, दाराखाली ब्रशची पट्टी, आणि जुन्या एकेरी तावदानांना ती पारदर्शक फिल्म मिळते, चौकटीला दुहेरी टेप लावून ताणायची आणि ड्रायरने तापवली की ढोलकीच्या चामड्यासारखी ताठ बसते. दिसायला काही शोभा नाही पण बेडरूममध्ये फरक लगेच कळतो. एक खिडकी मात्र अशी ठेव जिच्यातून आग-बिग लागल्यास बाहेर पडता येईल, ती सील करू नकोस.

काचांवर पाणी धरायला लागलं तर घरात ओल जास्त आहे, हिवाळ्यात आतली आर्द्रता ३० ते ४० टक्के पुष्कळ झाली, फारच कडाका असेल तर आणखी खाली ठेव. ओले कपडे खोलीत वाळत घालायची सवय असेल तर तिथून सुरुवात कर.

हीटिंगची सर्व्हिसिंग केलीस का? नसेल तर या आठवड्यात. फिल्टर तुझा तू बदल, एक ते तीन महिन्यांनी, डोळ्यांसमोर धरून पलीकडचा उजेड दिसला नाही की बदलायचा. पण ज्यावर मी खरंच डोळे वटारून बोलणार आहे ते म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, इंधन अर्धवट जळलं की होणारा विषारी वायू. त्याला वास नाही रंग नाही, डोकं दुखतं मळमळतं गरगरतं, आणि माणूस फ्लू आहे म्हणून झोपतो, उठत नाही. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा भोंगा लाव, बटण दाबून वाजतोय का बघ. नव्या फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, हवा आत घेणारा आणि जळका वायू बाहेर सोडणारा असे दोन पांढरे पाईप बऱ्याचदा भिंतीतून बाहेर येतात, जमिनीपासून फार उंच नसतात, आणि मोठ्या बर्फात ते गाडले जातात, नाहीतर आपणच फावड्याने काढलेला बर्फ नेमका त्यांच्यावर ढीग घालतो! आजच ते कुठे आहेत ते बघून शेजारी एक उंच काठी रोव, म्हणजे बर्फातही जागा सापडेल. कपडे वाळवायच्या ड्रायरची हवा बाहेर पडते ती आणि गॅसमीटरची जागाही तशीच मोकळी ठेवायची, मीटरवरचा बर्फ हाताने किंवा झाडूने, फावडं मारून नाही. गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही. वीज गेल्यावर जनरेटर चालवायचा असेल तर घरापासून किमान ६ मीटर लांब, एक्झॉस्ट खिडकीकडे नको, आणि कोळशाची शेगडी घरात आणायची नाही म्हणजे नाही. प्लगवरचा छोटा हीटर वापरलास तर पडदे-पांघरुणांपासून मीटरभर लांब आणि थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शनवर नको.

आता सासरे. तुझी कुचंबणा कळते मला, 'बाबा तुम्ही नको' म्हटलं की त्यांना म्हातारं म्हटल्यासारखं लागणार. पण हा व्यायाम वेगळा आहे, गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात सकाळी उठल्या उठल्या श्वास रोखून हातांनी वजन उचलायचं, हृदयावर एकदम तिन्ही बाजूंनी ओझं. बीपीवाल्याने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. नवऱ्याला पुढे कर, मुलाचं ऐकतात वडील कधीकधी, आणि त्यांना दुसरं खातं दे, थर्मामीटर बघणं, रात्री नळ सुटा ठेवायचा की नाही ते ठरवणं, भोंग्यांच्या बॅटऱ्या. माझ्या ओळखीत एक आजोबा हे काम इतक्या कडक शिस्तीने करतात की घरचे वैतागलेत. बर्फ तुम्ही दोघं काढा, उचलण्यापेक्षा ढकला, फावड्यात अर्धंच घ्या, आणि पडून संपायची वाट न बघता मधे मधे काढा, ताजा असतो तोवर हलका असतो. फावड्याला सिलिकॉनचा स्प्रे मारलात तर चिकटत नाही.

वाटेवरचा बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचं थोडक्यात. साधं मीठ उणे ९ च्या खाली जवळपास कामच करत नाही, ढिगाने ओतलंस तरी, तिथे कॅल्शियम क्लोराईड लागतं नाहीतर सरळ वाळू टाक, वाळू वितळवत नाही पण पाय धरते. नवीन काँक्रीट असेल तर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाळ, वरचे पापुद्रे निघतात.

वीज जाणार हे गृहीत धर. टॉर्च, पांघरुणं, चार्ज केलेली पॉवर बँक आणि प्यायच्या पाण्याचे भरलेले डबे एका कपाटात.

आणि आता नवऱ्याचा प्रश्न, जो मी मुद्दाम शेवटी ठेवला कारण वरचं सगळं वाचल्यावर त्याचं उत्तर त्यालाच मिळेल. हीटिंग पूर्ण बंद करून पंधरा दिवस जायचं नाही. १३ सेल्सियसच्या खाली थर्मोस्टॅट नेऊ नका, खोल्यांची दारं आणि ओट्याखालची कपाटं उघडी ठेवा, कारण खोलीत १३ असतं तेव्हा भिंतीच्या आत पाईपपाशी त्याहून बरंच कमी असतं. त्याला बचतच करायची असेल तर वीस-एकवीसवरून तेरावर आणल्यावर होतेच की.

त्याच्या जोडीला निघताना मेन तोटी बंद, मग सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाईपातलं पाणी काढून टाका, फ्लश एकदा ओढा. म्हणजे समजा हीटिंग मधेच बंद पडलं तरी फुटण्यासारखं फार काही उरत नाही आणि फुटलंच तरी नदी वाहत नाही. दोन अपवाद, हीटिंग रेडिएटरवालं, म्हणजे गरम पाणी फिरवून खोल्या तापवणारं, असेल तर त्याचं पाणी हात न लावता तसंच राहू दे आणि मेन बंद केल्याने त्याला काही होत नाही ना ते सर्व्हिसिंगवाल्याला विचारून घे, आणि आगीचे स्प्रिंकलर असतील तर त्यांची लाईन बंद करायची नाही. वॉटर हीटर सगळ्यात कमीवर, त्याच्यावर सुट्टीचं बटण असतं बहुतेक. किल्ली त्या शेजारच्या बाईंना द्या, दोन-तीन दिवसांनी आत चक्कर मारायला सांगा, बऱ्याच विमा कंपन्या रिकाम्या घरात कोणी नियमित बघत होतं का हे विचारतात, तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते निघायच्या आधी वाच.

परत आल्यावर घाई करून तोटी भस्सकन उघडू नका. आधी घर तापू दे, एक नळ उघडा ठेव, मग तोटी पाव-पाव फिरवत उघड, नळ आधी खोकेल, थुंकेल, मग सरळ धार येईल, आणि ती आल्यावर नळ बंद करून पाच मिनिटं तळघरात शांत उभी राहा, कुणीही बोलायचं नाही, भिंतीतून आंघोळीचा आवाज येतोय का ते ऐक.